शिळं पाणी

माधव पाटणकर रडले नाहीत, ही गोष्ट आमच्या चाळीनं त्यांच्या बायकोच्या मृत्यूपेक्षा जास्त मनाला लावून घेतली. लतिकाबाई कार्तिकातल्या एका दुपारी मेथी निवडता निवडता डोकं दुखतंय म्हणाल्या आणि दिवेलागणीपर्यंत हॉस्पिटलात संपल्या. घरी आणलं तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांचे पदर आणि पुरुषांचे रुमाल तयार होते. माधवरावांनी आतून खुर्च्या आणल्या, ओळीत लावल्या, आणि आलेल्या प्रत्येकाला चहा घेणार का म्हणून विचारलं. अशा वेळी घरात चूल पेटवत नाहीत, हे कुणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "हो, खरंच की," म्हणाले आणि एका खुर्चीवर स्वतःच बसले.

शेजारच्या सुभद्राकाकूंनी निदान केलं. "धक्का बसलाय त्याला. आठवड्याभरात फुटेल बांध." चाळीनं आठवडाभर वाट पाहिली. बांध होता तिथंच होता. खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या आमच्या चाळीत दुःख ही कुणाची खाजगी मालमत्ता मानत नाहीत. ते सामाईक गॅलरीत काढून ठेवावं लागतं. माधवराव ठेवीनात. तेव्हा माणूस दगड आहे, असं ठरलं आणि लोक आपापल्या कामाला लागले.

खरं म्हणजे माधवराव आधीपासूनच असे होते. उभी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या पत्रावर आवकचा शिक्का, जाणाऱ्या पत्रावर जावकचा. आतल्या मजकुराशी त्यांचा संबंध नव्हता आणि तो यावा असं त्यांना कधी वाटलं नाही. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दलही त्यांनी कधी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही. बोलायचं ते लतिकाबाई बोलायच्या. त्या दादरच्या एका शाळेत हस्तकला शिकवायच्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी झाडं धरली. तुळस-मोगरा नव्हे. ज्यांना ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही आणि ज्यांची नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्यासारखी असतात, अशी पावसाळी जंगलातली झाडं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, कॅलाथिया. आमची गॅलरी उत्तरेकडची. माणसांना तिचा कोंदटपणा नकोसा होतो, पण झाडांना तो मानवला. शेवटचं आणलं ते अलोकेशिया. अळूच्याच कुळातलं, हिरवं-काळं, चामड्यासारखं पान आणि त्यावर पांढऱ्या शिरा. सुभद्राकाकू त्याला काळं अळू म्हणायच्या. याच्या वड्या होतात का, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. खाल्लं तर घसा सुजतो, असं लतिकाबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं होतं.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. पिंड मांडून झाला, सगळे हात जोडून लांब उभे राहिले. कावळे भरपूर होते, पण ते बाजूच्या पिंडांवर बसत होते. मग रीतीप्रमाणे गेलेल्या जीवाची इच्छा कशात अडकली असेल याचे अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं, माधवरावांच्या जेवणाची सोय होईल. कावळा नाही. कुणी म्हणालं, चाळीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये खोलीवर तुमचं नाव आहे तसंच राहील. एक कावळा किंचित हलला, पण आला नाही. मागे दुसरी मंडळी खोळंबली होती. दर्भाचा कावळा करून शिववायचं का, असं गुरुजींनी घड्याळाकडे बघत विचारलं. तेवढ्यात लतिकाबाईंची धाकटी बहीण सुचित्रा, दादरला बँकेत अधिकारी आहे, ती पुढे झाली आणि पलीकडच्या पायरीवरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, झाडांची काळजी करू नकोस. भावोजी बघतील."

कावळा आला.

तो त्या शब्दाला आला की भुकेला आला, हे ठरवायला मार्ग नाही. पण जमलेल्या सगळ्यांनी माधवरावांकडे पाहिलं, आणि माधवरावांनी मान हलवली असं सगळ्यांनी सांगितलं. त्यांना स्वतःला ते आठवत नाही.

तर असा तो शब्द. माधवरावांनी तो दिला नव्हता, पण त्यांच्या नावानं दिला गेला होता आणि पोचल्याची पोचही मिळाली होती. आवक-जावकमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झाडांना पाणी घालायला सुरुवात केली. सकाळी घालायचे, संध्याकाळी घालायचे. एवढंच असतं तर झाडांनी कदाचित निभावून नेलं असतं.

पण गिरगावात नळ पहाटे येतो, आणि नळ आला की कालचं पिण्याचं पाणी शिळं होतं. काल रात्रीपर्यंत ज्या पाण्यानं तहान भागत होती ते सकाळी नुसतं उरलेलं पाणी असतं. ते ओतून, हंडा घासून, ताजं भरायचं. ओतायचं कुठं? मोरीत ओतलं तर वाया गेलं असं वाटतं. म्हणून कुणाच्या तरी कुंडीत. लतिकाबाई होत्या तोवर मजल्यावरच्या बायका आपापला तांब्या त्यांच्या हातात द्यायच्या, आणि त्या "द्या इकडे, बरं झालं" म्हणून घ्यायच्या. आता त्या नव्हत्या, तर बायका थेट कुंड्यांतच ओतू लागल्या. त्यात माया होती. बिचाऱ्याच्या मागे कोण आहे, म्हणून जरा जास्तच ओतू लागल्या. सुभद्राकाकू तर दोन तांबे. पुढे पानं पिवळी पडायला लागली तशी ही झाडं दुःखात आहेत असं सगळ्यांचं मत पडलं, आणि दुःखातल्या जीवाला आपण जे करतो तेच सगळ्यांनी केलं. आणखी पाजलं. कुणी चहाची पावडर घातली. कुणी ताक घातलं. एकानं देवावरचं दूधपाणी आणून ओतलं, म्हणजे दोन्हीकडून पुण्य. कुंड्यांना नाल्यासारखा वास येऊ लागला आणि चिलटं झाली.

माधवराव हे सगळं बघत होते. नको म्हणावं असं त्यांना सुचलं नाही. ते स्वतःही सकाळ-संध्याकाळ घालतच होते.

वैशाखात सुचित्रा आली. गॅलरीत उभी राहिली, एक पान उचललं तर देठासकट हातात आलं. ती ओरडणारी बाई नाही. पान माधवरावांच्या हातात देऊन म्हणाली, "ताईला शब्द दिलाय, भावोजी. कार्तिकात वर्षश्राद्ध आहे. तेव्हा ती कुठूनतरी बघणार असेल तर हे बघणार का?" मग तिनं बँकेतल्या कुणाकडून तरी डिलाईल रोडवरच्या एका बाईचा पत्ता काढला. ऑफिसांना झाडं भाड्यानं देते आणि आजारी पडलेली बरी करते म्हणे. टॅक्सीवाल्यानं कुंड्यांकडे आणि मग माधवरावांकडे पाहिलं, आणि यातला पेशंट कोण असं विचारावंसं वाटत असल्याच्या चेहऱ्यानं मीटर टाकलं.

मनवा तोडणकरचं ग्रीनहाऊस एका बंद गोदामाच्या मागे आहे. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर प्लास्टिक, त्याखाली हिरवी जाळी. डोक्यावर काचेचा टॉवर. जागा नेमकी कोणाची हा प्रश्न कोर्टात असल्यामुळे झाडांना सध्या तरी स्थैर्य आहे. मनवाचे वडील तिथल्याच एका गिरणीत होते. ती स्वतः त्याच टॉवरमध्ये एका कंपनीत होती. लोकांना बोलावून, समोर पाण्याचा ग्लास ठेवून, तुम्हाला कामावरून काढलंय हे सांगायचं, हे तिचं काम. एक दिवस तिच्यासमोर ग्लास आला. मग तिनं त्याच ऑफिसांना झाडं पुरवायचा धंदा काढला. ऑफिसात एसीच्या थंडीनं झाडं महिना-दीड महिन्यात मान टाकतात. ती इथं आणायची, बरी करायची, तोवर तिथं दुसरी ठेवायची. शिकली कुठं, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि झाडं मारून. "अर्धी जगतात, अर्धी मरतात," असं ती गिऱ्हाइकांना स्वच्छ सांगते. "कुठलं कुठल्या अर्ध्यात, ते मलापण आधी कळत नाही."

तिनं मॉन्स्टेरा कुंडीतून उपसला. मुळं काळी आणि बुळबुळीत. बोटानं ओढली तर साल निघून आत दोऱ्यासारखं काहीतरी उरत होतं. ती वास घेऊन मागे सरली.

"पाणी कोण घालतं?"

"सगळे," माधवराव म्हणाले.

"सगळे म्हणजे?"

"मजला."

मनवानं सुचित्राकडे पाहिलं. सुचित्रानं जाळीकडे पाहिलं. मग मनवानं एकेक झाड काढून मुळं धुतली, कुजलेली कात्रीनं कापली, उरलेल्यांना दालचिनीची पूड चोळली. ती घरची औषधी वगैरे नाही, बुरशी धरत नाही म्हणून. नारळाचा भुसा, कोळशाचे तुकडे आणि झाडाची साल यांच्या मिश्रणात ती पुन्हा लावली, पहिल्यापेक्षा लहान कुंड्यांत, आणि वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. काही झाडांत लावण्याजोगं काही उरलं नव्हतं. ती तिनं बाजूच्या टोपलीत टाकली. काळं अळू वाचण्याच्या अर्ध्यात आहे की दुसऱ्या, हे तिला सांगता येईना. पानं होती, पण मुळं जवळजवळ नव्हतीच.

"आता मी काय करायचं?" माधवरावांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच काही नाही, काका. पाणी नाही, खत नाही, हात लावायचा नाही, सारखं कुंडी फिरवून बघायचं नाही. बोलायचं असेल तर बोला, त्यानं पण फरक पडत नाही. ते त्याचं त्याचं ठरवेल. लोकांना नेमकं हेच जमत नाही."

"मला जमेल," माधवराव म्हणाले.

सुचित्रा म्हणते की ताई गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं खात्रीचं वाक्य.

झाडं मनवाकडेच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी माधवराव बसनं परत आले. मनवाला वाटलं काही विसरलं असेल. त्यांनी भाजीचा एक रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर बसले आणि झाडांकडे बघत राहिले. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मनवानं त्यांना हाकलायचं ठरवलं होतं, पण तोवर तिच्या लक्षात आलं होतं की हा माणूस खरोखर काहीही करत नाही. तिच्याकडे आधी कामाला आलेले सगळे कष्टाळू होते. दिसलं सुकलेलं पान की तोड, दिसली माती की पाणी घाल. कष्टाळू माणसांनी तिची बरीच झाडं मारली होती. माधवराव आख्खा दिवस एखाद्या मरतुकड्या फिलोडेंड्रॉनसमोर बसू शकत, आणि त्यांचा हात खिशातून बाहेर येत नसे. ही विद्या विकत मिळत नाही. तिनं त्यांना राखणीला ठेवलं. झाडांची चोरांपासून नव्हे, भेटायला येणाऱ्यांपासून राखण.

कारण आजारी झाडांना भेटायला लोक येतात. टॉवरमधली, जेवणाच्या सुट्टीत. आपल्या टेबलाशेजारचं झाड इथं आहे कळलं की गळ्यात ओळखपत्र लोंबवत येतात, पिशवी उचलून आत बघतात, पानाला हात लावतात. यांनीच वर्षभर त्या कुंडीत कॉफीचा तळ ओतलेला असतो आणि च्युइंगम खुपसलेला असतो. माधवराव नुसते उठून शेजारी उभे राहत. त्यांच्याकडे पाहिलं की लोक हात मागे घेत.

मनवा झाडांशी मालवणीत बोलायची, तेवढाच काय तो आवाज. "मर नायतर जग, मदी लोंबकळत रव नको," असं एखाद्या कॅलाथियाला सुनावायची. आतली हवा आठवडाभर अंगावरच वाळवलेल्या कपड्यासारखी ओलसर. ठरावीक वेळानं नळ्यांतून धुकं फवारलं जायचं आणि माधवरावांच्या चष्म्यावर बसायचं. ते चष्मा पुसायचे नाहीत. धुकं आपोआप उतरायचं.

भाद्रपदात लालबागच्या दोन मंडळांनी मंडपातल्या सजावटीसाठी नेलेली झाडं परत आली. हॅलोजनच्या दिव्यांनी भाजलेली, कुंड्यांत नारळाचं पाणी आणि बत्तासे, पानापानावर गुलाल. गुलालाखाली पान श्वास घेऊ शकत नाही. ओल्या फडक्यानं एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं हे काम माधवरावांनी आपणहून घेतलं. काही दिवस घरी जाताना त्यांचे हात मनगटापर्यंत लाल असायचे. चाळीच्या जिन्यात कुणी विचारलं तर म्हणायचे, "गणपतीचं आहे." विचारणारा नमस्कार करायचा.

लतिकाबाईंची झाडं हळूहळू सावरत होती. मॉन्स्टेराला गुंडाळीसारखं एक नवीन पान आलं, उलगडलं, त्याला मॉन्स्टेराच्या पानांना असतात ती भोकं मात्र पडली नाहीत. अशक्तपणात पडत नाहीत म्हणे. अँथुरियम तगलं. कॅलाथिया काठांवर करपलेली पण उभी. काळ्या अळूनं मात्र एकेक करून सगळी पानं टाकली. शेवटचं पान पडलं त्या दिवशी कुंडीत फक्त माती दिसत होती. माधवरावांनी ते पान उचललं, बघितलं, टोपलीत टाकलं आणि क्रेटवर जाऊन बसले.

"खाली कंद असेल," मनवा म्हणाली. "कधीकधी महिन्यांनी फुटतो. कधीकधी नसतोच, कुजून गेलेला असतो."

"कळायचं कसं?"

"उकरून. पण उकरलं की जो काय थोडा जीव असेल तो जातो."

म्हणजे जिवंत आहे की नाही हे कळण्याचा एकच उपाय, आणि त्यात ते मरणार. माधवरावांना यात काही विसंगत वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी मान हलवली.

आश्विन सरत आला तशी मनवालाच घोर लागला. सुचित्राचा तिला फोन आला होता. नेमकं त्या काळ्या झाडाचं विचारत होती, ताईनं शेवटचं आणलेलं ते. मनवानं माधवरावांना बाजूला घेतलं. तिचा पुण्याकडचा एक झाडवाला होता, त्याच्याकडे हीच जात, याच उंचीची, अशीच पानं. त्याच कुंडीत बसवून देते. "मॅडमना कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. ऑफिसवाल्यांना मी निम्म्या वेळा असंच दुसरं देते, आपलंच झाड बरं झालं म्हणून नाचत घेऊन जातात."

माधवराव म्हणाले, विचार करतो. आता त्यांच्यासाठी हे सोपं असायला हवं होतं. शब्द होता झाडं बघण्याचा. झाडाच्या जागी झाड. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का, आत काय आहे ते आपण बघत नाही.

त्याच आठवड्यात सुरुची नावाची टॉवरमधली एक बाई आपल्या पीस लिलीला भेटायला आली. येताना पाण्याची बाटली घेऊन आली. ऑफिसातलं फिल्टरचं पाणी, खास. इथलं नळाचं पाणी त्याला मानवत नसेल, असं तिला वाटत होतं. माधवराव उठून शेजारी उभे राहिले, पण ही बाई बधेना. तेवढ्यात मनवा आली. तिनं दोन्ही हातांनी बाटली घेतली. "अय्यो, थँक यू हां. किती लक्ष असतं तुमचं. आत्ता त्याची वेळ नाही, संध्याकाळी घालते ना मी." बाई समाधानानं गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर मनवा बाटली घेऊन शेडच्या मागे गेली आणि तिनं ती गटारात उपडी केली.

माधवराव बघत होते.

"हे तुम्ही नेहमी करता?" त्यांनी विचारलं.

"रोज कोणतरी आणतंच."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? मॅडम, तुमच्या मायेनं मरतंय?" मनवानं बाटलीचं झाकण लावलं. "माया करू दे त्यांना. पाण्याचं मी बघते."

माधवराव क्रेटवर बसले. थोड्या वेळानं उठले आणि काही न सांगता निघून गेले. डबा तिथंच राहिला. मनवाला वाटलं, आपलं काही चुकलं.

त्यांना काय आठवलं ते पुढे सुचित्राकडून कळलं. आठवलं हेही म्हणता येणार नाही. ते विसरलेच नव्हते. वर्षानुवर्षं रोज सकाळी ते मोरीसमोरच्या स्टुलावर चहा घेत पेपर वाचायचे. लतिकाबाई बाहेर बायकांकडून तांबे घ्यायच्या, "द्या इकडे, बरं झालं," आत यायच्या आणि मोरीत ओतायच्या. एक तांब्या, मग दुसरा, मग तिसरा. पाणी मोरीच्या फरशीवर आपटायचं. शिंतोडे येऊ नयेत म्हणून माधवराव पेपर जरा वर धरायचे. पेपर वर, पेपर खाली. मग रिकामे तांबे घेऊन त्या बाहेर जायच्या आणि ज्याचा त्याला परत करायच्या. मजल्यावरचं सगळं शिळं पाणी त्या बाईनं मोरीत घातलं होतं आणि मजल्याला त्याचा पत्ता नव्हता. फक्त एका माणसाला दिसत होतं, आणि त्यानं पेपर वर धरला होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माधवराव टॅक्सीनं झाडं घरी घेऊन आले. पुण्याकडचं झाड त्यांनी घेतलं नाही. मनवानं विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. मातीनं भरलेली ती कुंडी त्यांनी मांडीवर घेतली होती.

श्राद्ध झालं, जेवणं झाली, गुरुजी गेले, नातेवाईक गेले. सुचित्रा गॅलरीत आली. मॉन्स्टेराला बघून तिचा चेहरा सैल झाला. मग तिची नजर कुंड्यांवरून फिरत गेली.

"ते काळं कुठंय?"

माधवरावांनी कुंडी दाखवली.

"यात माती आहे, भावोजी."

"हो."

"झाड?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"खाली कंद असतो. असला तर येईल. उकरून बघायचं नसतं."

"आणि नसला तर?"

"तर नाही."

सुचित्रा कठड्याला टेकली. "मी सगळ्यांच्या समोर ताईला शब्द दिला होता."

"माझ्या नावानं दिला होतास," माधवराव म्हणाले. यात राग नव्हता, दुरुस्ती होती. मग म्हणाले, "दुसरं बसवून आणता आलं असतं. ती मुलगी तयार होती. तुला कळलं नसतं."

"मग आणलं का नाहीत?"

सुचित्रा आत जायला वळली तेव्हा माधवराव म्हणाले, "ती लोकांचं पाणी मोरीत ओतायची."

"कोण?"

"लतिका. रोज. झाडांना नाही घालायची, आत आणून ओतायची. मी समोर बसलेला असायचो. मला वाटायचं काहीतरी धूत असेल. मी विचारलं नाही कधी, काय करतेयस म्हणून. एकदासुद्धा नाही विचारलं, सुचित्रा. मी समोर बसलेला असायचो."

दुसरं झाड का आणलं नाही याचं हे उत्तर आहे की नाही, हे सुचित्राला लगेच कळलं नाही. ती बाजूच्या स्टुलावर बसली.

"आईनं दिलेलं दूध पण मोरीत ओतायची ती," सुचित्रा म्हणाली. "रोज सकाळचा पेला. आणि ओठाला थोडं लावून बाहेर यायची, मिशी दिसावी म्हणून. मग आई मला म्हणायची, बघ, ताई कशी शहाण्यासारखी पिते."

"तू सांगितलं नाहीस?"

"मी माझंपण तिच्याकडे द्यायचे."

माधवरावांनी मान हलवली. ते हसले नाहीत, पण त्यांनी काही वेळानं विचारलं, "मिशी लावून?" आणि सुचित्रानं बोटानं आपल्या ओठावर दाखवलं, इथून इथपर्यंत. मग तिनं डोळे पुसले आणि मातीच्या कुंडीकडे बघितलं. तिचं बोट मातीकडे गेलं आणि तिनं ते मागे घेतलं. "राहू दे मग," म्हणाली. "आहे तसं राहू दे." ती कुंडी तिनं कोपऱ्यातून उचलून मॉन्स्टेराच्या शेजारी, सावली पडेल अशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला. झाडं परत आली आहेत हे मजल्याला माहीत होतं. सुभद्राकाकू तांब्या घेऊन बाहेर आल्या, मातीच्या कुंडीकडे बघून चुकचुकल्या आणि त्यांनी हात वाकवला. माधवराव दारातच उभे होते. ते पुढे झाले आणि त्यांनी काकूंच्या हातातला तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

"द्या इकडे, काकू. बरं झालं."

काकू बघत राहिल्या. माधवराव तांब्या घेऊन आत गेले. मोरीच्या फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. त्यांनी नळच सोडला असावा. एका तांब्यात किती पाणी मावतं हे चाळीत लहान पोरालाही कळतं. आणि नळाच्या आवाजाखाली दुसराही एक आवाज होता, तो दारात उभ्या असलेल्या काकूंना ऐकू आला आणि पुढच्या दोन-तीन दारांतून आम्हालाही. लोक बाहेर यायला लागले. कुणीतरी आत डोकावायला निघालं.

सुभद्राकाकूंनी माधवरावांचं दार ओढून घेतलं आणि पाठ लावून त्यापुढे उभ्या राहिल्या.

"काही नाही. झाडांना पाणी घालतोय," त्या म्हणाल्या. "जा आपापल्या घरी."

झाडं गॅलरीत सगळ्यांच्या समोर होती, कोरडी. आम्ही आपापल्या घरी गेलो.